मॅक्सकाका

सरासरी हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मीटिंगमध्ये कोणी उत्साहाने सांगितलं, की आपला सरासरी वेळ या आठवड्यात आणखी खाली आला, तर ते चष्मा काढायचे, डोळे चोळायचे आणि दमलेल्या आवाजात विचारायचे, "अँड मॅक्स?" म्हणजे सगळ्यात वाईट किती. स्क्रीनवर आकड्यांचे सहा रकाने असायचे. त्यातला उजव्या टोकाचा, सगळ्यात वाईट वेळेचा रकाना बघायला कोणाला आवडत नसे, कारण तिथे नेहमी काहीतरी लाजिरवाणं असायचं. ते फक्त तोच बघायचे. त्यांचं नाव मधुकर वानखडे. पण सनीव्हेलच्या त्या ऑफिसात नव्याने आलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरला वाटलं, की या माणसाचं नावच मॅक्स आहे, आणि तिने तसा ईमेल लिहिला. वानखड्यांनी तो दुरुस्त केला नाही. पुढे सगळेच त्यांना मॅक्स म्हणायला लागले. आम्ही तिघं मराठी होतो, आम्ही मॅक्सकाका म्हणायचो.

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं. मी पुण्याहून व्हिसावर आलेली, नुकती तिशी ओलांडलेली. ते नागपूरचे, पंचावन्नच्या पुढचे, निम्मं आयुष्य कॅलिफोर्नियात काढलेले. त्यांची बायको माझी ओळख होण्याआधीच गेली होती आणि मुलगी टेक्ससला होती. फ्रीवेची गर्दी चुकवायला ते फ्रीमाँटच्या घरातून सकाळी सातला निघायचे आणि सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर असायचे. डब्यात स्वतः केलेला झुणका नाहीतर वांग्याचं भरीत असायचं. मायक्रोवेव्हमध्ये ते गरम करताना शेजारीच उभे राहायचे, कोणी वासाबद्दल नाक मुरडलं तर माणूस समोर असावा म्हणून. चेहरा कायम झोप न झाल्यासारखा. सुरुवातीला मी दोनदा विचारलं, "काका, बरं नाही का तुम्हाला?" दुसऱ्यांदा ते म्हणाले, "मी दमलेलाच असतो गं. ते धरून चाल, आणि बोल." त्यानंतर मी ते धरून चालले.

आमची कंपनी लहान होती. ज्यांना फोनवरचं बोलणं नीट ऐकू येत नाही, अशा माणसांसाठी आम्ही एक फोन बनवायचो. पलीकडचा माणूस बोलला, की त्याचे शब्द या फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटायचे. वापरणारे बहुतेक सत्तरीपुढचे, एकटे राहणारे. डॉक्टरची अपॉइंटमेंट, औषधाचं दुकान, रविवारी मुलाचा फोन. शब्द बोलल्याबरोबर उमटले, तर मध्ये एक यंत्र आहे हे माणसं विसरून जातात. शब्द अडले, की दोन्हीकडची माणसं गोंधळतात. एकाला वाटतं फोन कट झाला, दुसऱ्याला वाटतं हिला राग आला. आमचे शब्द दिवसातून काही वेळा अडायचे. तीन सेकंद, चार सेकंद. मग साचलेलं सगळं बोलणं एकदम पडद्यावर ओतलं जायचं.

हे का होतं, ते मॅक्सकाकांनी मला ऑफिसात सांगितलं नाही. फ्रीमाँटमध्ये एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आमच्या मंडळाचा गणपती होतो, तिथल्या जेवणाच्या वेळी सांगितलं. आम्ही भिंतीपाशी उभे होतो. लोक कागदी ताटल्यांत जेवत होते आणि स्वयंसेवक काळ्या पिशव्या घेऊन रिकाम्या ताटल्या गोळा करत फिरत होते.

"हे बघ," ते म्हणाले. "आपला प्रोग्रॅम प्रत्येक शब्दासाठी मेमरीतली थोडी जागा घेतो, आणि काम झालं की ती तिथेच टाकून देतो. ते टाकलेलं गोळा करायला आत एक सफाईवाला असतो, गार्बेज कलेक्टर. आता समज, हा पिशवीवाला म्हणाला, की माझं गोळा करून होईपर्यंत सगळ्यांनी हात थांबवा. कोणी खायचं नाही, कोणी वाढायचं नाही."

"थांबवायचं कशाला?" मी विचारलं.

"कोणाची ताटली टाकायची आणि कोणाची अजून चालू आहे, ते त्याला कळायला पाहिजे ना. तुम्ही इकडेतिकडे फिरत राहिलात तर तो जेवणाऱ्याचीच ताटली उचलेल. दहा ताटल्या असल्या तर पटकन होतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. हॉल भरलेला असला, की सगळे घास हातात धरून उभे."

"न थांबवता गोळा करणारेही असतात ना?"

"हाव, असतात. पण त्यांना जागा जास्त लागते, माणसं जास्त लागतात. आणि गर्दी फारच झाली, की तेही शेवटी म्हणतात, थांबा." मग ते वाढपाच्या रांगेकडे वळले. "चल, शेवटच्याला काय मिळतंय ते बघू."

ही त्यांची सवयच होती. मंडळाच्या कुठल्याही जेवणात ते मुद्दाम रांगेच्या शेवटी उभे राहायचे आणि ताटात काय पडलं, ते कार्यकर्त्यांना जाऊन सांगायचे. मसालेभात संपला होता. पुरणपोळी अर्धी मिळाली. कोशिंबिरीचं नुसतं पाणी उरलं होतं. आवाजात तक्रार नसायची, पण कार्यकर्ते वैतागायचे. त्या दिवशी अध्यक्षबाई म्हणाल्या, "वानखडे, एवढे लोक जेवून खूश होऊन गेले, ते दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसलं," मॅक्सकाका म्हणाले. "पण त्या आजींना वरण मिळालं नाही. त्या तुम्हाला सांगणार नाहीत."

खरंच कोपऱ्यात कुणाच्या तरी आई कोरडा भात चिवडत बसल्या होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, कोणाशी ओळख नसलेल्या. मग स्वयंपाकघरात शोधाशोध झाली आणि एका भांड्याच्या तळाशी उरलेलं वरण त्यांना मिळालं.

ते पत्र आलं तेव्हा मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. कागदावर हाताने लिहिलेलं पत्र, ओहायोत राहणाऱ्या एका बाईंचं. मिसेस हॅलोरन. त्यांचे यजमान हॉस्पिटलमध्ये होते, आणि डॉक्टरांनी घरी फोन करून विचारलं होतं, की श्वास पुरत नाही, घशात नळी घालायची का. नेमके तेव्हा शब्द अडले. पडदा कोरा. डॉक्टर गप्प आहेत असं वाटून बाई म्हणाल्या, "येस, येस, आय ॲम हिअर." डॉक्टरांनी तो होकार समजला आणि फोन ठेवला. मग तो सगळा प्रश्न एकदम पडद्यावर आला, आणि आपण कशाला हो म्हणालो ते बाईंना कळलं. त्यांनी लगेच परत फोन लावला, पण डॉक्टर भेटेपर्यंत नळी घातली गेली होती. यजमानांना ती नको होती, त्यांनी मला पुष्कळदा बजावून सांगितलं होतं, असं बाईंनी लिहिलं होतं. मी कोणाला दोष देत नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवते.

कंपनीकडून त्यांना माफीचं छापील पत्र गेलं. मॅक्सकाकांनी मूळ पत्राची प्रत काढली, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली, आणि डबा तसाच घरी नेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या वेळच्या नोंदी काढल्या. बाई ज्या सर्व्हरवरून बोलत होत्या, त्यावर त्या मिनिटाला सगळं काम साडेचार सेकंद थांबलं होतं. त्या दिवसाची सरासरी उत्तम होती.

आमचा मॅनेजर ब्रायन वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मॅक्स, मलाही वाईट वाटतंय. पण लाखो कॉलमधला एक होता."

"हो," काका म्हणाले. "तिचा होता."

पुढचे पाच महिने आम्ही त्या थांबण्यामागे लागलो. प्रोग्रॅम सुरू करतानाच्या फाइलमध्ये सफाईवाल्यासाठी सूचनांची एक लांब रांग असते. किती जागा भरली की कामाला लागायचं, एका वेळी किती उचलायचं, किती जणांनी मिळून उचलायचं. काका त्यातली एक सूचना बदलायचे, आठवडाभर बघायचे, वहीत लिहायचे. मॅक्सचा आकडा चार सेकंदांवरून दोनावर आला. मग एका सोमवारी परत चार. मी कंटाळले होते. ते माझ्याहून जास्त कंटाळले होते, पण पाणी पिऊन परत खुर्चीत बसायचे. "याला हुशारी लागत नाही, अनघा," ते म्हणायचे, "बूड टेकवून बसावं लागतं." शेवटी एक दिवस त्यांनी वही मिटली. सफाईवाल्याला किती शिकवणार, म्हणाले, कचराच आपण फार करतो. प्रत्येक वाक्यासाठी प्रोग्रॅम मेमरीत एक नवा डबा घेत होता आणि वाक्य पोचलं की तो टाकून देत होता. त्याऐवजी सुरुवातीलाच ठरावीक डबे घेऊन ठेवायचे आणि तेच रिकामे करून पुन्हा पुन्हा वापरायचे. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

मी ते केलं, आणि त्यात चूक केली. बोलणं चालू असताना मधेच फोन तुटला, तर डबा रिकामा न होताच परत जागेवर जात होता. पुढच्या माणसाचं वाक्य लहान असलं, की आधीच्या लांब वाक्याचं शेपूट त्याला चिकटून बाहेर यायचं. चाचण्यांत ते सापडलं नाही, कारण चाचण्यांत कोणी मधेच फोन तोडत नव्हतं. मॅक्सकाकांनी माझा कोड ओळ न् ओळ वाचला होता. आम्ही नवा प्रोग्रॅम थोड्या ग्राहकांसाठी सुरू केला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ॲरिझोनातल्या एका बाईंचा निरोप आला. नातवाशी बोलताना त्याच्या "ओके, ग्रँडमा"च्या पुढे पडद्यावर उमटलं होतं, "स्प्रेड टू द लिव्हर, आय ॲम सॉरी." ते नातू बोललाच नव्हता. दुसऱ्याच कोणाच्या फोनवरचं, कोणा डॉक्टरचं वाक्य होतं ते.

आम्ही तासाभरात जुना प्रोग्रॅम परत लावला. व्हिसावर असलेल्या माणसाला अशा वेळी जे जे आठवतं, ते सगळं मला आठवलं. दुपारच्या मीटिंगला कंपनीच्या वकीलही होत्या. ब्रायनने विचारलं, कोड कोणी लिहिला. मी म्हणाले, मी. लगेच मॅक्सकाका म्हणाले, "मी तो वाचला होता आणि मला दिसलं नाही." माझी चूक त्यांनी स्वतःची म्हणून सांगितली नाही, आणि मला एकटीलाही सोडलं नाही. तेवढ्यावर तो विषय संपला आणि पुढे काय करायचं, यावर बोलणं गेलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "रडायचं असेल तर रडून घे. मग त्या बाईंना फोन करू."

"सपोर्टवाले करतील ना, काका?"

"शब्द आपण मिसळले. त्यांनी काहून करायचा?"

वकीलबाईंनी काय बोलायचं ते लिहून दिलं होतं. आम्ही एका छोट्या खोलीत बसून फोन लावला. मी जे बोलत होते ते पलीकडे आमच्याच पडद्यावर उमटत होतं, म्हणून मी एकेक शब्द सुटा करून बोलत होते. मी माफी मागितली, कागदावर लिहिलं होतं तेवढं सगळं सांगितलं. पलीकडे बाईंनी ते पडद्यावर वाचलं. मग त्यांनी विचारलं, ज्यांना हे सांगितलं गेलं त्या कोण. मी म्हणाले, आम्हाला माहीत नाही, आम्ही कोणाचं बोलणं साठवून ठेवत नाही.

"मी सकाळपासून तिच्यासाठी प्रार्थना करते आहे," बाई म्हणाल्या. "तिचं नाव कळलं असतं तर बरं झालं असतं. की पुरुष आहे तो?"

मला तेही सांगता आलं नाही. मी मॅक्सकाकांकडे बघितलं, तर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला माझ्या अपार्टमेंटपर्यंत सोडलं. माझी ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे, नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडावा लागतो, हे मी बडबडत होते. ते ऐकत होते. सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा माझे कागद अडकले होते. गेलो असतो तर परत येता आलं नसतं. पोरगी तीन वर्षांची होती. मी नाही गेलो." मी विचारलं, त्याचं वाईट वाटतं का. ते थोडा विचार करून म्हणाले, "रोज नाही." मग हिरवा दिवा लागला.

चूक दुरुस्त करून, सगळं पुन्हा तपासून, तो प्रोग्रॅम सगळ्या ग्राहकांपर्यंत न्यायला आणखी तीन महिने लागले. मॅक्सचा आकडा सेकंदाच्याही खाली उतरला, कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका खाली आला, आणि तिथेच राहिला. ब्रायनने केक आणला. काकांनी एक तुकडा खाल्ला आणि जागेवर जाऊन मिसेस हॅलोरनना हाताने पत्र लिहिलं, की तुम्ही कळवलेला दोष आता काढला आहे. महिन्याभराने त्यांचं कार्ड आलं. यजमान हॉस्पिटलमधून परत आलेच नाहीत, नळी लागल्यावर ते अडीच आठवडे होते, असं त्यात होतं. आता मला फारसे फोन येत नाहीत, पण आठवणीने कळवलंत, आभारी आहे. काकांनी ते मला वाचायला दिलं, परत घेतलं आणि म्हणाले, "उशीर झाला." त्या कार्डाबद्दल त्यानंतर ते कधी बोलले नाहीत.

नंतरची दोन-अडीच वर्षं बरी गेली. मग एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. नव्या लोकांनी ठरवलं, की हे सगळं प्रोग्रॅमिंगच्या एका नव्या भाषेत पुन्हा लिहायचं. त्या भाषेत सफाईवालाच नसतो, जागा कधी घ्यायची आणि कधी सोडायची ते प्रोग्रॅम लिहितानाच ठरून जातं. आम्हाला वाटलं, काका भांडतील. इतक्या वर्षांची त्यांची विद्या त्या एका निर्णयाने निकामी होत होती. त्यांनी दोन आठवडे नव्या लोकांचे कागद वाचले आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी आज सुरुवात केली असती तर हेच केलं असतं." त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

त्याच सुमारास एक मीटिंग झाली. हा फोन पुढे कोणकोणत्या भाषांत आणायचा, त्याची यादी चालली होती. इंग्रजी आणि स्पॅनिश आधीच होत्या. चिनी आली, व्हिएतनामी आली, हिंदीवर यादी थांबली. मॅक्सकाकांनी विचारलं, "मराठी?" यादी करणाऱ्या बाईंनी स्क्रीनवर बघून सांगितलं, की मराठी ग्राहकांचा आकडा फारच लहान आहे. मला वाटलं, आता ते चष्मा काढतील. त्यांनी नुसती मान डोलावली. असं एका उत्तरावर गप्प बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि कारण विचारावं हे मला सुचलं नाही.

मग एका मंगळवारी कपात झाली. ईमेल सकाळी सातला आला होता, पण तेव्हा ते गाडी चालवत होते. ऑफिसच्या दाराला कार्ड लागेना, तेव्हा त्यांनी फोन उघडून बघितला. मी पोचले तेव्हा मला त्यांचा मेसेज आला, "पार्किंगमध्ये आहे. एक कोरी वही घेऊन ये."

ते गाडीत बसले होते. डब्याची पिशवी मांडीवर होती. मी शेजारी बसले. त्यांनीच सुरुवात केली. "नवा प्रोग्रॅम तयार व्हायला वर्ष लागेल. तोवर जुनाच चालणार. त्या सूचनांना कोणी हात लावला तर परत थांबायला लागेल. लिही."

"तुमच्या वह्या आत आहेत ना? मी आणते."

"त्या आता कंपनीच्या. तू आणायला गेलीस तर तुला विचारतील. मला पाठ आहे."

ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. एकेक सूचना, ती का ठेवली, ती बदलली होती तेव्हा काय झालं होतं. ऊन चढलं, गाडी तापली. त्यांनी काच खाली केली आणि सांगत राहिले. आमच्याच ऑफिसातले दोघे-तिघे खोकी घेऊन समोरून गेले, त्यांना हात केला आणि सांगत राहिले. न राहवून मी म्हणाले, "काका, त्यांनी काढलंय तुम्हाला. तुम्ही कशाला करताय हे?"

"त्यांच्यासाठी कोण करतंय," ते म्हणाले. "माणसं फोनवर बोलत असतात."

एका सूचनेपाशी ते अडले. डोळे मिटले, बोटाने स्टिअरिंगवर ठोकलं. "हे काहून ठेवलं होतं?" ते स्वतःशीच म्हणाले. त्या सगळ्या दिवसात तेवढ्या एका क्षणी मला त्यांच्या चेहऱ्यावर मनाला लागल्यासारखं दिसलं. शेवटी म्हणाले, "तिथे प्रश्नचिन्ह टाक. पण काढू नको. काहीतरी कारण होतं." मग डबा उघडला आणि आम्ही दोघांनी एकाच डब्यातून पोळी आणि झुणका खाल्ला. पुढे काय करणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, मुलगी टेक्ससला बोलावते आहे, पण नागपूरला आई आहे, सत्त्याऐंशीची, तिच्याकडे जातो. निघताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, की वहीवर चहा सांडू नको.

चौदा महिने मी तो जुना प्रोग्रॅम सांभाळला. दोनदा नव्या लोकांपैकी कोणीतरी सूचना बदलल्या आणि दोनदा मी वही उघडून दाखवून त्या परत लावून घेतल्या. तिसऱ्यांदा वाद घालायचं त्राण माझ्यात राहिलं नव्हतं, सुदैवाने तशी वेळ आली नाही. एक दिवस सगळे कॉल नव्या प्रोग्रॅमवर गेले आणि जुने सर्व्हर बंद झाले. मी काकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "मधे थांबला नाही ना कुठे?" मी लिहिलं, नाही. त्यांनी लिहिलं, "बरं."

गेल्या हिवाळ्यात व्हिसाचा शिक्का घ्यायला मी भारतात आले, तेव्हा पुण्याहून मुद्दाम नागपूरला गेले. एका शांत कॉलनीत तळमजल्यावरचं घर. काका वाळले होते, केस सगळे पांढरे झाले होते. आत खिडकीपाशी दिवाणावर त्यांची आई बसली होती, लहानखुरी, काठापदराची साडी, आणि मांडीवर शाळेतल्यासारखा एक पांढरा फळा. फळ्याला दोरीने मार्कर बांधला होता. आईंना काहीही ऐकू येत नव्हतं. काका म्हणाले, चार वर्षं झाली.

मी काही बोलले, की काका ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे, आई वाचायच्या आणि उत्तर द्यायच्या, मग काका फळा पुसायचे. "मोबाइलवर आहे तसं काहीतरी," ते मला म्हणाले. "पण इकडची बोली त्याला झेपत नाही, आणि अक्षर आईला बारीक पडतं. हेच बरं." दुपारपर्यंत हाताला मुंग्या येतात, असंही म्हणाले. मधेच त्यांनी माझं एक लांब वाक्य तीन शब्दांत उरकलं, तर आईंनी फळ्यावर बोट आपटलं. "सगळं लिही, मधू. गाळू नको."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हा तिकडं काय काम करत होता, बाई? मले कधी नीट सांगतलंच नाही त्यानं. कम्प्युटर म्हनते अन् चुप बसते."

"राहू दे," काका मला म्हणाले.

पण त्या माझ्याकडे बघत होत्या. मी फळा मागून घेतला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं, "ज्यांना फोनवर ऐकू येत नाही, त्यांना समोरच्याचं बोलणं लिहून दाखवणारा फोन होता. तो मधेमधे अडायचा. यांनी तो अडू दिला नाही."

त्यांनी प्रत्येक शब्दाखाली बोट धरून ते वाचलं. शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून वाचलं. मग मान वर करून मुलाकडे बघितलं. बघण्यात कौतुक होतं, आणि थोडं नवल.

"मंग मले काहून नाही आनला तसा एक?" त्यांनी विचारलं.

काकांनी फळा माझ्याकडून घेतला, पुसला आणि मार्करचं टोपण काढलं. "त्याला मराठी येत नव्हतं, आई," ते म्हणाले. ते त्यांनी लिहिलं नाही, म्हणून आईंना ते कळलं नाही. त्या फळ्याकडे बघत थांबल्या होत्या. मग काकांनी लिहिलं, "चहा घेतेस का?"

आईंनी ते वाचलं. "घेईन," त्या म्हणाल्या, आणि काका उठून आत गेले.